छत्री, मोह आणि एकशे त्रेपन्न रुपये चाळीस पैसे

चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला की लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि कामाला लागतात. तक्रार कुणाची नसते. उलट नागपूरपेक्षा आपला आकडा अर्ध्या अंशानं जास्त निघाला तर पानठेल्यावर समाधान पसरतं. पण टीव्हीचं रिचार्ज वीस रुपयांनी वाढू द्या, तोच पानठेला पेटतो. दिवसाला चार खर्रे घोटून घेणारा माणूस गालातला ऐवज सांभाळत समजावून सांगतो, की महिन्याला वीस म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, आणि ही सामान्य माणसाची लूट आहे. खर्ऱ्याचा वर्षाचा हिशेब त्याला विचारू नये. तो खर्च नसतो, ती सवय असते.

टीव्हीच्याच पैशाला लोक इतके का कळवळतात? किराणा आणला तर डबा भरलेला दिसतो, पेट्रोल टाकलं तर काटा वर सरकतो. रिचार्ज मारल्यावर मात्र तेच दिसतं जे काल दिसत होतं. तीच सासू त्याच सुनेकडे डोळे वटारून उभी असते आणि कॅमेरा तिच्याभोवती तीनदा फिरतो. पैसे देऊन काही नवं घरात आलं असं वाटतच नाही. शिवाय टीव्ही फुकट बघण्याची आमच्या भागाला जुनी परंपरा आहे.

खरं तर ती टीव्ही न बघण्यापासून सुरू होते. १९७५-७६ साली उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २४०० गावांत सरकारनं संच बसवले. आमच्या पूर्वेच्या मध्य प्रदेशात बसवले, दक्षिणेच्या आंध्रात बसवले. महाराष्ट्र यादीत नव्हता. दोन्हीकडचे शेजारी टीव्ही बघत होते आणि मधे आम्ही शंभर टक्के बचत करत होतो. पुढं १९८२ साली दोन गोष्टी घडल्या. २६ ऑगस्टला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आणि दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं टीव्ही रंगीत झाला. जिल्हा ताबडतोब मिळाला. रंग पोचायला वेळ लागला.

तेव्हा टीव्हीला परवाना लागे. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०, पोस्टात जाऊन भरायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही फी उठली, पण तोवर शहाण्या लोकांनी त्याहून स्वस्त उपाय शोधला होता: टीव्ही शेजाऱ्यानं घ्यायचा. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी कुणाकडे टीव्ही आहे हे अंगणातल्या चपलांवरून कळायचं. संच त्याचा, वीज त्याची, सतरंजी त्याची, आणि आजीबाईंना चहाही त्याचाच. त्या घरातला एक पोरगा कायम कौलांवर असे. "आला का?" "आला!" "आता?" "गेला! मुंग्या आल्या!" अँटेना धरून बसलेल्या त्या बिचाऱ्यानं रामाचा सगळा वनवास कौलांवर काढला, पडद्यावर काय चाललंय ते त्याला खालच्या ओरडण्यावरून कळे. नंतर भाड्याच्या व्हीसीआरचे दिवस आले. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीत तीन पिक्चर. तिसऱ्याला सगळा मांडव आडवा झालेला असे, पण भाडं दिलंय म्हणून बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. झोपलेल्या माणसांसमोर नायक पहाटे पाचला खलनायकाला मारत असे.

या परंपरेतले आजचे थोर पुरुष म्हणजे माझे मामाजी. मामाजी म्हणजे सासरे. ते वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं आलापल्लीच्या सागवानाचे घेर मोजण्यात गेली. प्रत्येक लाकडावर हातोड्याचा ठसा, प्रत्येक ठशाची वहीत नोंद. आता मूल तालुक्यातल्या गावी असतात. मोजायला सागवान नाही, म्हणून घर मोजतात.

१ फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय' या सरकारी नियामकाची टीव्ही वाहिन्यांची नवी दरपद्धत लागू झाली, आणि मामाजींना जणू खात्यानं परत बोलावलं. तोवर कंपनी गठ्ठा बांधून द्यायची आणि आपण तो मुकाट्यानं घ्यायचो. आता प्रेक्षकानं हवी तीच वाहिनी निवडायची आणि तेवढेच पैसे द्यायचे. ऐकायला किती न्याय्य! फक्त आधी शंभर वाहिन्यांपर्यंत नुसत्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. विकतच्या वाहिन्यांची किंमत त्याच्या वर.

"म्हंजे जंगलात घुसाचे एकशे तिरपन," मामाजी म्हणाले, "आन् लाकडाचे अलग?"

मी हो म्हटलं.

"आन् हे चाळीस पैसे कोनतं नानं देऊन भराचे जी?"

दुसऱ्या दिवशी वही निघाली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, खात्यात असताना वापरत तसलीच. रकाने आखले: वाहिनी, किंमत, बघणार कोण, रोजचे तास, शेरा. मग घरच्यांची सुनावणी. सासूबाईंनी मालिकांच्या तीन वाहिन्या मागितल्या. साळ्यानं बातम्या मागितल्या. नातवानं कार्टून मागितलं आणि कारण विचारल्यावर रडला. हेच कारण ग्राह्य धरलं गेलं. मामाजींनी स्वतःसाठी वन्यप्राण्यांची वाहिनी ठेवली. तिच्यावर एक गोरा माणूस अर्धी चड्डी घालून सापाला शेपटीनं उचलतो आणि मामाजी त्याच्यावर खेकसतात. शेऱ्याच्या रकान्यात बातम्यांपुढं लिहिलं होतं, 'ओरड जास्त, उत्पन्न कमी.' सासूबाईंच्या एका मालिकेपुढं, 'सात वर्षांत वाढ नाही. विरळणी करावी.'

पण वनखात्याचं गणित टीव्हीला लागू पडेना. एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांइतकी मोजायची, हे कळल्यावर मामाजींनी पेन खाली ठेवला. "एका झाडाचे दोन लिवले असते तं सस्पेंड झालो असतो." मग दुसरं कोडं. तीन वाहिन्या सुट्या घेतल्या तर महाग. त्याच तीन कंपनीच्या गठ्ठ्यात घेतल्या तर स्वस्त, आणि वर ज्यांचं नावही कधी ऐकलं नाही अशा सात-आठ गळ्यात. ज्या गठ्ठ्यातून सुटायला नवा नियम आला, त्याच गठ्ठ्याकडे तो हात धरून परत नेत होता. १९ रुपयांपर्यंतचीच वाहिनी गठ्ठ्यात घालता येईल अशी अट होती. बऱ्याच मोठ्या हिंदी वाहिन्यांची किंमत मग बरोबर १९ रुपयेच निघाली. इथं मात्र मामाजींना ओळखीचं काही तरी दिसलं. "किती लाकडावर केस होते हे एकदा मालूम पडलं का चोर बराबर तेवढंच तोडते."

शेवटी एकूण बेरीज आली ती जुन्या बिलापेक्षा जास्त. निवडीचं स्वातंत्र्य जुन्या गुलामीहून महाग पडतं हे पाहून मामाजींनी पानावर आडवी रेघ मारली आणि जाहीर केलं, "छत्री लावतो. सरकारी."

सरकारी छत्री म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री आणि डबा मिळून दीड-दोन हजार एकदाच मोजायचे; मग रिचार्ज नाही, पॅक नाही, शेवटच्या तारखेला येणारा धमकीचा मेसेज नाही. कागदावर याला तोड नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याहून छत्रीवाला पोरगा आला आणि घंटाभरात टीव्ही सुरू करून गेला. आता १ मार्च २०१९ लाच काय झालं होतं? स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या फुकटात मालिका दाखवणाऱ्या चार वाहिन्या फ्री डिशवरून निघून गेल्या होत्या. सासूबाई ज्यांच्या भरवशावर गप्प बसल्या होत्या त्या ह्याच. बटण दाबतील तिथं त्यांना डीडी किसान लागायचं आणि एक तज्ज्ञ धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलत असायचा.

"तुडतुडे तं मी वावरात रोज पायतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी दोन हजार कायले घातले?"

त्या वाहिन्या २०२० च्या टाळेबंदीत परत आल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. दर वेळी सासूबाई मामाजींनाच जबाबदार धरत. जाहिरातींचं उत्पन्न, लिलावातल्या जागा, गठ्ठ्यांचं राजकारण, ही कारणं मी त्यांना एकदा सांगून पाहिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सारं बराबर आहे. पन छत्री यायनंच लावली ना?"

छत्रीची दुसरी गोष्ट त्याहून रंगतदार आहे. आपल्याकडच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं दक्षिणेला नाही तर आग्नेयेला असतात, कारण हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर आणि आपल्या पूर्वेच्या रेखांशांवर आहेत. फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेला. चंद्रपूर ७९ च्या आसपास. म्हणजे नेमकी आग्नेय दिशा, अग्नीची. वास्तुशास्त्रवाल्यांनी अजून हरकत घेतलेली नाही ती त्यामुळंच असावी. मामाजींच्या अंगणात आग्नेयेला उभा आहे एक जुना, दांडगा मोह. मार्चमध्ये त्याच्यावर पान नव्हतं. नुसत्या फांद्या आणि पहाटे टपटपणारी फुलं. सिग्नल फांद्यांमधून सरळ येत होता. एप्रिल सरला, चित्र अडखळू लागलं. मेमध्ये पडद्यावर चौकटी चौकटी झाल्या. निवेदिकेचं कपाळ एका कोपऱ्यात, ओठ दुसऱ्या.

छत्रीवाला पोरगा आला. त्यानं डब्याला दोन थापडा मारल्या, वायर बदलली, दोनशे घेतले. फरक शून्य. मग मामाजी स्वतः अंगणात उतरले, छत्रीच्या मागं उभं राहून तिच्या नजरेनं वर पाहू लागले, आणि आयुष्यभराचा अनुभव कामी आला. "टीव्हीले काई नाई झालं. झाडाले पालवी फुटली."

"मंग फांद्या छाटा ना जी," पोरगा म्हणाला.

पुढची पंधरा मिनिटं त्याला महाराष्ट्राचा १९६४ चा झाडतोडीचा कायदा ऐकावा लागला. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, चिंच, आंबा यांच्या पंगतीत मोह बसलेला आहे. कायदा संपल्यावर अर्थशास्त्र सुरू झालं. हे झाड दर चैत्रात फुलं देतं, ती बाजारात विकतात. पुढं बिया देतं, त्यांचं तेल निघतं. ना रिचार्ज, ना पॅक, शिवाय सावली फुकट. "तुया टीव्ही काय देते गा?" पोरगा निरुत्तर झाला. पानगळीपासून पालवीपर्यंतच चालणारा टीव्ही, अशी योजना त्याच्या कंपनीकडे नव्हती.

छत्री शेवटी शेजाऱ्याच्या स्लॅबवर गेली. शेजाऱ्यानं भाडं मागितलं नाही. फक्त डब्यातून एक वायर त्याच्या टीव्हीला जोडून मागितली. मामाजींना हा सौदा फार आवडला, कारण यात कुणालाच पैसे द्यायचे नव्हते. डबा एक आणि संच दोन असले की दोन्ही घरांत एकच चित्र दिसतं, आणि रिमोट मामाजींच्या उशाशी असतो, याचा अर्थ शेजाऱ्याला त्याच रात्री कळला. नऊ वाजता भिंतीपलीकडून आर्त हाक आली, "काकाजी, बदलवा ना जी!" मामाजी तेव्हा सह्याद्रीवर कीर्तन ऐकत होते. दोन घरांना मिळून त्यांनी ते ऐकवलं. पुढं सासूबाईंनी आणि शेजारणीनं आपसात खुणा ठरवल्या. मामाजी अंगणात गेले की सासूबाई भिंतीवर दोन ठोके मारतात, वाहिनी बदलते, आणि दोन्ही घरांतल्या बाया एकाच सासूला एकाच वेळी शिव्या देतात. या दोन घरांत इतका एकोपा पूर्वी नव्हता.

वानरांबद्दल थोडक्यात सांगतो. ताडोबाच्या बाजूच्या गावांत छत्री बसवणं म्हणजे वानरांसाठी आरामखुर्ची बसवणं. दोन-चार अंश तोंड फिरलं तरी वाहिन्या जातात, आणि वानर दोन-चार अंशांवर थांबत नाही. पावसाचं तर विचारूच नका. हे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्यांना जोराचा पाऊस शोषून घेतो. आकाश काळं झालं की पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. मामाजींनी यातूनही फायदा काढला आहे. पाटी दिसली की ते ओरडतात, "कपडे आत घ्या!" हवामानाच्या बातमीसाठी त्यांना बातम्यांची गरज उरलेली नाही.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला मामाजींची कीव आली असेल, तर ती माझ्यासाठी राखून ठेवा. मी चंद्रपुरात राहतो आणि दरमहा इमानानं खासगी डीटीएचचे पैसे भरतो. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला देणं बंधनकारक केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दूरदर्शनला मिळालेलं ते प्रक्षेपण त्याच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरूनच दिसेल. केबल आणि खासगी डीटीएचवाल्यांना ते तसं दाखवता येणार नाही. परिणाम असा, की भारताच्या सामन्याच्या दिवशी पैसे भरणाऱ्या माझ्या पडद्यावर दूरदर्शनच्याच वाहिनीवर दिलगिरीची पाटी असते, आणि एक छदामही न भरणारे मामाजी पाय लांब करून सामना बघत असतात. क्रीडावाहिनी वेगळी घ्यावी तर तिचे पैसे वेगळे. म्हणून मी एसटीनं मूलला जातो. तिकीट जाऊन-येऊन, वर सासुरवाडीला रिकाम्या हातानं जाता येत नाही म्हणून अर्धा किलो पेढे. एका सामन्याला मला जे पडतं त्यात क्रीडावाहिनी कित्येक महिने चालली असती. मामाजींनी हे त्यांच्या वहीत नोंदवलं आहे. माझ्या नावापुढं, पेढ्यांसकट, जमेच्या बाजूला.

वीज हा त्यांचा पुढचा मोर्चा. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी डबा जागाच असतो आणि वीज खातो, हे त्यांनी कुठं तरी वाचलं. खोटं नाही. असा डबा दहा वॅट धरला तर चोवीस तास, तीस दिवस मिळून सात युनिटांच्या वर जातं. तेव्हापासून रात्री साडेनऊला भिंतीवरचं बटण बंद. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. सगळा महाराष्ट्र त्या धुरावर दिवे लावतो, आणि मामाजी मूलमध्ये बसून त्यातले दहा वॅट परत मिळवतात. सकाळी बटण चालू केलं की डबा जागा होतो, डोळे चोळतो, उपग्रह शोधतो. तोवर नातवाची शाळेची गाडी येते. कार्टूनचा खर्चही वाचतो.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं प्रसारभारतीसाठी २५३९ कोटींची योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून जास्त फ्री डिशचे डबे मोफत वाटायचे, हेही तिच्यात होतं. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दोन हजार रुपये घालून फुकटात टीव्ही मिळवल्याचा चार वर्षांचा अभिमान एका बातमीनं धुळीला मिळाला. मूल तालुका पुरेसा दुर्गम नाही, याचं असं दुःख मी दुसऱ्या कुणाला झालेलं पाहिलेलं नाही.

मोबाइलमुळं हे सगळं आता संपेल असं शहाणे लोक म्हणतात. संपेलही. गडचिरोलीच्या आतल्या गावांतली पोरं रेंजसाठी टेकडीवर चढतात, नाही तर आठवडी बाजारात मेमरी कार्ड देऊन पिक्चर भरून आणतात. पण दिवसाचा दीड जीबी संध्याकाळी सातला संपतो, आणि मग आख्खं घर ज्याचं नेट उरलं आहे त्या एकाशी अचानक गोड बोलू लागतं. ही बचत नव्हे, हा नुसता शिधा आहे.

तर इतक्या चिकाटीनं पै-पै वाचवणाऱ्या मामाजींच्या वहीतलं एक पान मी गेल्या वर्षी चोरून पाहिलं. दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथंच. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो. मधे लावणी, रडारड, खून आणि तुफान विनोद, सगळं एकाच तिकिटात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. गावात नाटक म्हणजे लेकी-जावई, नातवंडं, साडभाऊ, साडभावाचे शेजारी सगळे आपल्याच घरी. त्या पानावर लिहिलं होतं: तांदूळ एक पोतं. बोकड एक. लेकींना लुगडी. पाव्हण्यांची नाटकाची तिकिटं, सर्व खुर्चीची. मंडळाला वर्गणी. पाव्हण्यांच्या पाव्हण्यांना परतीचं भाडं. रकमा होत्या, बेरीज नव्हती. त्या पैशात दोन्ही घरांचा टीव्ही सगळ्या एचडी वाहिन्यांसकट काही वर्षं सहज चालला असता. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता, 'किरकोळ.'

या वर्षीचा त्यांचा फोन परवाच आला. "जावईबापू, मंडईले नाटक आहे. पोराईले घेऊन या, चार दिवस राहाचं. बोकड सांगून ठेवलं."

मी येतो म्हटलं.

"आन् आयका," ते म्हणाले, "निंगताना तुमच्या त्या डब्याचं रिचार्ज चार दिवस थांबवता येते का, ते इचारून या. कायले वाया घालवता?"